लाल खोक्यातली टरफलं

तिकिटांची अदलाबदल नेरेइदानं स्वतःच केली होती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं उगाच तिचीच बाजू घ्यावीशी वाटेल.

मेक्सिकोच्या सीमेवरच्या हुआरेस शहरातल्या कुठल्याही कारखान्यात नाताळाच्या आधी एक जेवण असतं. गाणीबजावणी असते, साहेब लोक कागदी टोप्या घालून नाचतात, आणि शेवटी सोडत असते. जेवणाला कोणी येत नाही, सगळ्या येतात सोडतीला. दरवर्षी टीव्ही, कूलर, गाद्या असलं काहीतरी असायचं. त्या वर्षी कारखान्यानं आपलाच माल ठेवला होता, दातांवर चढवायचे प्लास्टिकचे साचे, वरचा आणि खालचा मिळून एक जोडी. दात सरळ करायचं अख्खं काम, पहिल्या जोडीपासून शेवटच्या जोडीपर्यंत, फुकट. आठशे माणसं वर्षानुवर्षं तो माल घासून पुसून परक्यांच्या तोंडात पाठवत होती. पहिल्यांदाच तो त्यांच्यातल्या कोणाच्या तरी तोंडात जाणार होता.

दारात तिकिटं वाटली. नेरेइदाला मिळालं एकशे सेहेचाळीस. तिच्या मागं सुलेमा होती, तिला एकशे सत्तेचाळीस.

"ए, ते मला दे," नेरेइदा म्हणाली. "चौदा, सात. चौदा जुलै. माझा वाढदिवस आहे तो."

"आणि मी काय तुझं उष्टं घेऊ?"

"घे की. आजवर कमी खाल्लंयस का माझं उष्टं?"

सुलेमा हसली आणि तिनं तिकीट दिलं. दहा मिनिटांनी स्टेजवरून नंबर पुकारला. एकशे सेहेचाळीस.

सुलेमा किंचाळत स्टेजकडं धावली. नेरेइदानं टाळ्या वाजवल्या, मिठी मारली, फोटोत उभी राहिली. ओठ मिटून. ओठ ती नेहमीच मिटायची, त्यामुळं त्या दिवशीचं मिटणं वेगळं होतं हे कोणाला कळलं नाही.

नेरेइदाचा वरचा डावा सुळा शेजारच्या दाताच्या मांडीवर चढून बसलेला. लहानपणी एवढं काही नव्हतं. आठवीत वर्गातल्या एका पोरानं त्याला नाव दिलं, रानडुक्कर, आणि आठवडाभरात अख्खी शाळा तेच म्हणायला लागली. नेरेइदा रडली नाही. ती नुसती बोलायची बंद झाली. मारलं ते सुलेमानं. लोखंडी कंपासपेटी घेऊन त्या पोराच्या कपाळात अशी हाणली की चार टाके पडले. सुलेमाला शाळेतून काढलं. दुसऱ्या दिवशी नेरेइदानंही दप्तर घरी ठेवलं आणि ती परत गेली नाही. आईनं विचारलं, तुला कोणी काढलंय? ती म्हणाली, "सुलेमा नाही तिथं मी काय करू?"

पुढं दोघी एकाच दिवशी कारखान्यात लागल्या, एकाच बसनं जायला लागल्या. नेरेइदाला मुलगी झाली, माइते, तेव्हा बाप्तिस्म्याला देवळात पाण्याच्या भांड्यावर तिला हातात धरून, तिची धर्माची आई म्हणून उभी राहिली ती सुलेमा. त्या दिवसापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायला लागल्या, म्हणजे एकाच पोरीच्या दोन आया. नवरा बदलता येतो, आणि नेरेइदाचा तर निघूनच गेला. कोमाद्रे बदलता येत नाही.

नेरेइदाला कारखाना आवडायचा, कारण आत गेलं की सगळ्यांच्या तोंडावर मास्क. केस जाळीत, हात मोज्यांत, उघडे ते फक्त डोळे. आणि तिचे डोळे चांगले होते. आठ तास ती कोणापेक्षा कमी नसायची.

बाहेरचे लोक त्या मालाला अलायनर म्हणतात. आत सगळ्या म्हणायच्या टरफलं. दातांच्या ठशावर गरम प्लास्टिक बसवायचं, कापायचं, कडा घासायच्या, तपासायचं, पिशवीत घालायचं. सुलेमा घासायला होती. फिरत्या चाकावर टरफलाची धार धरायची, अशी गुळगुळीत करायची की जिभेला कळू नये. नेरेइदा तिच्या पुढच्या टेबलावर, तपासायला. टरफल दिव्यासमोर धरायचं, चरा बघायचा, मग कडेवरून अंगठा फिरवायचा, डावीकडून उजवीकडं आणि परत. चांगलं असेल तर पिशवीत. खराब असेल तर कात्रीनं मधोमध कापून लाल खोक्यात. मोज्याच्या आतून सुद्धा नेरेइदाच्या अंगठ्याला सगळं कळायचं. लाइनचा साहेब, इंजिनियर ओक्तावियो, नव्या पोरींना म्हणायचा, मशीनवर विश्वास ठेवू नका, नेरेइदाच्या अंगठ्यावर ठेवा.

टरफलावर नाव नसतं, नुसता नंबर. कुणाचे दात, कुठल्या देशातले, काही कळत नाही. सुलेमाचा नंबर मात्र सगळ्या लाइनला माहीत होता, कारण इंजिनियरनं स्वतः येऊन सांगितलं. "घरचं गिऱ्हाईक आहे. दर दोन आठवड्यांनी एक जोडी. सुलेमा, तुझी धार तूच घासायची. फोटो काढायचाय."

फोटो काढला. सुलेमा आपलंच टरफल चाकावर धरून बसली, आणि मग ते ट्रेमधून सरकत नेरेइदासमोर आलं.

तिनं ते दिव्यासमोर धरलं. वरचं टरफल तिला पाठच होतं, सुलेमाचे वरचे दात म्हणजे कणसावरचे दाणे. त्यांना सरळ काय करायचं, असं ती महिनाभर मनात म्हणत होती. कुबड्याला कुबडी द्या, चालणाऱ्याला कशाला? मग तिनं खालचं उचललं.

खालचे मधले दोन दात एकमेकांना पाठ करून उभे होते. तिसरा मागं, गर्दीत ढकलल्यासारखा.

इतक्या वर्षांत तिनं सुलेमाचे खालचे दात बघितले नव्हते. आठवून बघितलं तर सुलेमा खालचा ओठ हलवायचीच नाही, बोलतानासुद्धा नाही. हसायची ती नुसती वरच्या दातांनी. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, बिचारी. नेरेइदाला तसलं काही वाटलं नाही. तिला वाटलं, म्हणजे हिनं मला सांगितलं नाही. माझा सुळा सगळ्या गावाला माहीत, त्याच्यावरून ही मारामाऱ्या करत फिरली, आणि स्वतःचं मात्र तोंडात दाबून ठेवलं. आणि आता माझ्या तिकिटावर नीट करून घेतेय.

तिनं अंगठा फिरवला. जोडी चांगली होती. पिशवीत घातली. पहिली जोडी, दुसरी जोडी, तिसरी.

कामापेक्षा जेवणाची सुट्टी जास्त खुपायला लागली. अर्धा तास मिळायचा. आधी दोघी एका बाकावर बसून एकच बरितो अर्धा अर्धा करायच्या, पोळीत गुंडाळलेल्या लाल मिरचीच्या मटणाचा, सुलेमाच्या आईच्या हातचा. आता सुलेमा आधी नळावर जायची, तोंडातून ती दोन टरफलं काढायची, डबीत ठेवायची, येऊन चार घासांत खायची आणि पुन्हा नळावर ब्रश घेऊन उभी. लोक तिच्याभोवती जमायचे. दुखतं का गं? रात्री पण घालायचं? बघू, दाखव ना. आणि सुलेमा दाखवायची. तोंड उघडून, मास्क हनुवटीला, सगळ्यांना.

"तुला काय ते दुकान मांडून बसायला आवडतंय," नेरेइदा एकदा म्हणाली.

"बघतात तर बघू दे की."

"इतकी वर्षं नाही दाखवलंस ते."

सुलेमानं तिच्याकडं बघितलं आणि टरफलं जिभेनं जागेवर दाबली. नेरेइदानं उरलेला बरितो कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला. तिला भूक होती तरी.

मग एका रविवारी माइतेनं भर घातली. चार वर्षांची पोर, सुलेमाच्या मांडीवर बसून तिच्या तोंडात बोट घालून बघत होती. "आई, मावशीचे दात काचेचे आहेत," ती म्हणाली. मग आईकडं वळून तिनं नीट बघितलं. "तुझा तो बाहेर का आलाय? त्याला आत घेत नाहीत?"

सुलेमा हसली. हसणारच, कोणीही हसलं असतं. नेरेइदाही हसली, ओठ मिटून, आणि त्या रात्री पोरीला पाठ करून झोपली.

चौथी जोडी बुधवारी आली.

नेरेइदानं खालचं टरफल दिव्यासमोर धरलं. मागचा दात पुढं आला होता. थोडासाच, पण तिच्यासारखीला कळेल एवढा. तिनं अंगठा फिरवला. उजव्या कडेला काहीतरी लागलं, असं तिला वाटलं. परत फिरवला. आता लागलं नाही. तिसऱ्यांदा फिरवलाच नाही. कात्रीनं कापलं, लाल खोक्यात टाकलं आणि वहीत लिहिलं, धार खरखरीत.

चरा असेल तर दिव्याखाली दिसतो, दुसरा कोणी बघू शकतो. धारेचं तसं नसतं. धार खरखरीत आहे हे फक्त अंगठा सांगतो, आणि अंगठा होता नेरेइदाचा.

इंजिनियरच्या टेबलामागं एक पांढरा फळा होता. घासणाऱ्या प्रत्येकीचं नाव, आणि ज्या दिवशी तिचं काम खरखरीत म्हणून परत येईल त्या दिवशी नावापुढं एक लाल लोहचुंबक. महिन्यात पाच लाल झाले की ती बाई चाकावरून उठली, पॅकिंगला गेली, दुसऱ्या पाळीला. सुलेमाच्या नावापुढं सात वर्षांत एकही लाल कधी लागला नव्हता. त्या बुधवारी पहिला लागला.

जोडी पुन्हा केली. तीन दिवसांनी आली. नेरेइदानं पुन्हा कापली. आता तिला काही लागलंबिगलं नव्हतं, आणि तसं तिनं स्वतःशीही म्हटलं नाही. कात्री मारताना कट्ट असा आवाज यायचा. तो आवाज तिला बरा वाटायचा. सुलेमा जुनीच जोडी घालून फिरत होती. ती पिवळट झाली होती, कडेला कॉफीचा डाग. जेवणाच्या सुट्टीत लोक विचारायचे, काय गं, नवीन नाही आली? ती खांदे उडवायची. हळूहळू लोक विचारायचे थांबले. बाकावर पुन्हा दोघीच.

"धार नीट लागत नाहीये गं माझी," सुलेमा म्हणाली. "चाक बदलून घेतलं. हात बघ, थरथरतोय का?" तिनं हात पुढं केला.

नेरेइदानं हात बघितला. टेबलाइतका स्थिर होता. "थोडासा," ती म्हणाली.

हे वाक्य तिला पुढं सगळ्यात जास्त चावलं. कात्रीपेक्षाही.

तिसरा लाल, चौथा लाल. इंजिनियर येऊन सुलेमाच्या मागं उभा राहायला लागला. त्यानं पाचव्यांदा घासलेला माल स्वतः हातात घेतला, दिव्यासमोर धरला, त्याला काही समजलं नाही, म्हणून त्यानं तो नेरेइदासमोर ठेवला. अख्खी लाइन बघत होती. नेरेइदानं अंगठा फिरवला. धार लोण्यासारखी होती. सुलेमाच्या हातून इतकी चांगली धार कधी निघाली नव्हती. किती वेळ घासत बसली असेल, ते अंगठ्याला कळत होतं.

कट्ट.

"सोमवारपासून पॅकिंग," इंजिनियर म्हणाला. "दुसरी पाळी. तीन वाजता कागद करतो. वाईट वाटतंय सुलेमा, पण फळा सगळ्यांना सारखाच."

जेवणाच्या सुट्टीत सुलेमा नळावर गेली नाही. ती सरळ बाकाकडं आली, बसली आणि खिशातून कागदी रुमाल काढून दोघींच्या मधे उलगडला. आत एका टरफलाचे दोन तुकडे होते.

"लाल खोक्यातून काढलं," ती म्हणाली. "बाहेर आणायला बंदी आहे. जा, सांग हवं तर."

नेरेइदानं तुकड्यांना हात लावला नाही.

"संडासात गेले. आधी ओठावर फिरवलं. मग दोन्ही तुकडे तोंडात घातले, एक इकडं, एक तिकडं, आणि जीभ फिरवली. सात वर्षं मी कडा घासतेय. साबण आहे तो, नेरे. आंघोळीचा साबण."

"अंगठ्याला लागलं मला."

"तोंड वर करून सांग."

नेरेइदानं तोंड वर केलं नाही. शेजारच्या बाकावर कोणीतरी ट्रकच्या टायरबद्दल बोलत होतं. वारा सुटला होता, जेवणात वाळू जाऊ नये म्हणून सगळे डब्यावर हात धरून खात होते.

"तू विचारलंसपण नाहीस," नेरेइदा शेवटी म्हणाली.

"काय?"

"तिकीट माझं होतं. एकदा तरी विचारायचं. तुला हवंय का, एवढंच. माझा हा सुळा तुला दिसत नव्हता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

"मग?"

"मग काय. म्हणूनच नाही विचारलं." सुलेमानं मास्क ओढून पार गळ्यात घेतला. "मला पण पाहिजे होतं. तुझं वाकडं सगळ्यांना दिसतं, माझं कोणाला दिसत नाही, म्हणून मला नको होतं का? बारा वर्षं खालचा ओठ धरून बोलतेय मी. जबडा दुखतो संध्याकाळी. तुझ्या सुळ्यासाठी मी त्या पोराचं डोकं फोडलं, शाळा गेली माझी. माझ्या दातांसाठी कोणी कुणाला एक ढुशी तरी दिली का?"

"तू मला सांगितलंच नाहीस. कसं कळणार?"

"सांगितलं असतं तर काय, तू माझ्यासाठी मारामारी केली असतीस?"

"केली असती," नेरेइदा म्हणाली. आणि ते खरं होतं. तिनं डोकी फोडली असती, कोणाचीही. ते दोघींना माहीत होतं.

सुलेमानं तुकडे रुमालात गुंडाळले. "हात थरथरतोय म्हणालीस," ती म्हणाली. "दोन आठवडे मी झोपताना हाताकडं बघत होते." ती उठली आणि गेली.

तीनला दहा मिनिटं कमी असताना नेरेइदा इंजिनियरच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. त्याच्यासमोर कागद होता, सुलेमाचं नाव लिहून झालं होतं.

"इंजिनियर, ते पाची माल चांगले होते."

"म्हणजे? दिव्याचा दोष?"

"नाही."

"मोज्यांचा? नवीन मोजे जाड आहेत, मी बोललोय वर."

"मोजे बरे आहेत. मी मुद्दाम कापले."

त्यानं पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त त्याला प्रत्येक गोष्टीचं कारण रकान्यात लिहायची सवय होती. "का?"

"माझी कोमाद्रे आहे ती."

इंजिनियरनं खुर्ची मागं सरकवली. "हे बघ," तो हळू म्हणाला, "इथं दर महिन्याला कोणी ना कोणी सापडतं. बहिणीचं खराब काम पास केलं, कोमाद्रेचं खराब काम पास केलं. मी त्यांना रागावतो, पण मला समजतं. तू कोमाद्रेचं चांगलं काम नापास केलंस?"

"हो."

"हे कुठल्या रकान्यात लिहू मी?"

त्यानं उठून फळ्यावरचे पाच लाल काढले, एकेक, आणि खिशात टाकले. मग तिच्या गळ्यातला तपासनिसाचा हिरवा बिल्ला मागितला. कागदावरचं सुलेमाचं नाव खोडलं आणि त्याच्यावरच नेरेइदाचं लिहिलं, नवा कागदसुद्धा घेतला नाही. सोमवारपासून पॅकिंग, दुसरी पाळी.

दुसऱ्या पाळीची बस तीनला पोचते आणि पहिल्या पाळीची साडेतीनला सुटते. म्हणजे दोघी रोज फाटकात समोरासमोर यायच्या, एक आत जाताना, एक बाहेर येताना. मार्च गेला, एप्रिल गेला. सुलेमा बोलायची नाही. माइतेसाठी शनिवारी काहीतरी पाठवायची, फ्रॉक, नाहीतर पेरूची बर्फी, आपल्या आईच्या हातून. नेरेइदाला काही पाठवायची नाही.

पॅकिंगला अंगठ्याचं काम नसतं. पिशव्या मोजायच्या, खोक्यात घालायच्या, चिकटपट्टी ओढायची. तरी दर दोन आठवड्यांनी तो नंबर यायचा. पाचवी जोडी, सहावी, नववी. नेरेइदा पिशवीवरूनच अंगठा फिरवायची. धार लोण्यासारखी. मग प्लास्टिकमधून खालची रांग बघायची, मधले दोन दात एकमेकांकडं वळत चाललेले, आणि मनातली तीच जुनी अढी वर यायची. गेली नव्हती ती. बिल्ला दिला म्हणून जाते असं थोडंच आहे. ती पट्टी ओढायची, खोकं पुढं ढकलायची आणि जिभेनं आपला सुळा चाचपायची. होता तिथंच होता.

ऑगस्टमध्ये एका दुपारी फाटकात सुलेमा थांबली. मागून बायका ढकलत होत्या, तरी ती बाजूला झाली नाही. तिनं दोन बोटांनी टरफलं काढली, मुठीत घेतली आणि खालचा ओठ खाली ओढला.

"बघ," ती म्हणाली. तोंड वाकडं झालेलं, ओठ बोटात, भर उन्हात.

नेरेइदानं बघितलं. घाईघाईनं नाही, नीट, दिव्यासमोर बघायची तसं, डावीकडून उजवीकडं आणि परत.

"डावा अजून किंचित आत आहे."

"तीन जोड्या बाकीयत."

"माहितीये. माझ्याच हातून जातायत."

"म्हणून तर सांगतेय." सुलेमानं ओठ सोडला. "लाल खोक्यात गेल्या तर यावेळी कंपासपेटी तुझ्या कपाळात घालीन."

"पॅकिंगला लाल खोकं नसतं."

बसनं हॉर्न दिला. सुलेमानं टरफलं तोंडात बसवली, हातातली पिशवी नेरेइदाच्या हातात कोंबली आणि धावत गेली. पिशवीत अर्धा बरितो होता, कागदात, अजून कोमट. लाल मिरचीचा.

नेरेइदा फाटकात उभी राहून तो खात होती. मास्क हनुवटीला होता, आणि समोरून दुसऱ्या पाळीच्या बायकांची रांग येत होती. तिला मनापासून वाटत होतं की तो डावा दात आत आहे तसाच राहावा. तेवढा एक तरी. बरितो मात्र तिनं शेवटच्या घासापर्यंत खाल्ला, मग मास्क वर ओढला आणि आत गेली. सुलेमाच्या बाराव्या जोडीची पिशवी त्या दिवशी यायची होती.